ट्वीटर आत की बाहेर? दोन उभ्या स्पीकरांची कुळकथा

'सिंगापूर' आणि 'आवाज' यांचे नाते आपल्या मराठी घरांना फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. १९७०-८० च्या दशकात पुण्या-मुंबईकडच्या एखाद्या घरात 'सिंगापूरहून आणलेला टू-इन-वन' असला की त्या घराचा रुबाब काही औरच असे. त्याच्यावर विणलेला रुमाल घातलेला असायचा आणि त्याच्या बटणांना हात लावायचा अधिकार घरातल्या एकाच माणसाकडे असायचा. परदेशी वस्तूंच्या आयातीवर तेव्हा भारतात कडक बंधने होती, जकात भारी होती. त्यामुळे चांगला आवाज ही बाहेरून कुणीतरी आणायची गोष्ट होती.

आता आपण स्वतःच सिंगापुरात आहोत. कोलमन स्ट्रीटवरची 'द ॲडेल्फी' ही इमारत हाय-फायच्या दुकानांसाठी वर्षानुवर्षे प्रसिद्ध आहे. तिथे छातीपर्यंत उंचीचे स्पीकर जोडीजोडीने उभे असतात. फ्लॅटचे हप्ते मार्गी लागले, मुले थोडी मोठी झाली की आपल्यातले पुष्कळजण एखाद्या शनिवारी तिथे डोकावतात आणि मग मित्रमंडळीत तोच प्रश्न विचारतात : केईएफ घ्यावा की बी अँड डब्ल्यू? या प्रश्नाचे उत्तर सहसा आकडे किंवा किंमत पाहून दिले जाते. मला वाटते, ते आधी इतिहासात शोधावे. कारण हे दोन स्पीकर दोन वेगळ्या घराण्यांतले आहेत, आणि घराणे कळल्याशिवाय गायकी कळत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

स्पीकर जमिनीवर का उभा राहिला?

आज आपण वापरतो त्या स्पीकरचा जन्म १९२५ चा. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी कागदी कोन, त्याला चिकटवलेले तारेचे वेटोळे आणि त्याभोवती चुंबकीय क्षेत्र अशी रचना सिद्ध करून दाखवली. वेटोळ्यातून वीज गेली की ते मागेपुढे हलते, कोनाला हलवते आणि कोन हवेला. शंभर वर्षे झाली, मूळ कल्पना तीच आहे.

अडचण एकच होती. कोन पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खालच्या सुरांमध्ये या दोन्ही लाटा एकमेकींना भेटून नाहीशा होतात. म्हणून कोनाला पेटीत बसवावे लागते. पेटी कशी असावी याची दोन उत्तरे निघाली. बेल प्रयोगशाळेतल्या आल्बर्ट थुरास यांनी १९३० मध्ये पेटंटचा अर्ज केला, त्यात पेटीला एक हिशेबाने केलेले भोक ठेवले होते. मागची लाट त्या भोकातून अशा वेळी बाहेर येते की ती पुढच्या लाटेला विरोध न करता साथ देते. दुसरे उत्तर १९५४ चे. एडगर व्हिलचर आणि हेन्री क्लॉस यांच्या ॲकूस्टिक रिसर्च या कंपनीने पेटी चक्क बंद केली आणि आतल्या कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगसारखे वापरले. त्यामुळे छोट्या पेटीतून खोल आवाज निघू लागला.

हे अगदी वेळेवर झाले. तोपर्यंत घरात एकच स्पीकर असे. तो कपाटाएवढा असला तरी कोपऱ्यात खपून जाई. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि स्पीकर दोन लागू लागले. दोन कपाटे दिवाणखान्यात ठेवायला कुठल्या गृहिणीने परवानगी दिली असती? पेट्या लहान होणे भागच होते.

इथे सिंगापूरचा एक धागा आहे. याच हेन्री क्लॉस यांनी पुढे १९८८ मध्ये केंब्रिज साउंडवर्क्स ही कंपनी काढली आणि ती १९९७ मध्ये विकत घेतली आपल्या इथल्या क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीने. सिम वाँग हू यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीच्या 'साउंड ब्लास्टर' कार्डाने १९८९ पासून जगभरच्या मुक्या संगणकांना वाचा दिली. आम्हा संगणकवाल्यांच्या पिढीतल्या कित्येकांनी संगणकावरचे पहिले गाणे त्याच कार्डातून ऐकले.

भोकाच्या पेटीचे गणित मात्र बरीच वर्षे अंदाजपंचे होते. ते ऑस्ट्रेलियात सुटले. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात असे सूत्र दिले की वूफरचे मोजके गुणधर्म माहीत असले की पेटीचे आकारमान आणि भोकाची लांबी-रुंदी कागदावर काढता येते. मग पेटी रुंद ठेवायची गरज उरली नाही. तेवढेच आकारमान अरुंद आणि उंच पेटीत बसवता आले, तिने जागाही स्टँडवरच्या छोट्या स्पीकरएवढीच घेतली. आजचा टॉवर स्पीकर तो हाच.

दोन गावे, दोन माणसे

आता आपल्या दोन घराण्यांकडे येऊ. दोन्ही इंग्लंडच्या आग्नेय भागातली, एकमेकांपासून शंभर किलोमीटरच्या आतली.

रेमंड कुक हे दुसऱ्या महायुद्धात नौदलात रेडिओ चालवत. नंतर ते बीबीसीत अभियंता होते आणि पुढे व्हार्फडेल या नामांकित स्पीकर कंपनीचे तांत्रिक संचालक. तिथून बाहेर पडून १९६१ मध्ये त्यांनी केंट परगण्यात, मेडस्टोन गावी मेडवे नदीकाठी स्वतःचे काम सुरू केले. जागा होती 'केंट इंजिनिअरिंग अँड फाउंड्री' या ओतकामाच्या कारखान्याची. त्याचीच आद्याक्षरे घेऊन नाव झाले केईएफ. कुक यांना नव्या साहित्याचा ध्यास होता. कागदाऐवजी प्लॅस्टिकचे कोन त्यांनी लवकर उचलले. बीबीसीच्या अभियंत्यांनी प्रक्षेपणाच्या गाडीत बसावा म्हणून 'एलएस ३/५ ए' नावाचा पुस्तकाएवढा स्पीकर १९७० च्या दशकात बनवला, त्यातले वूफर आणि ट्वीटर दोन्ही केईएफचे होते.

बीबीसीची परीक्षा घेण्याची पद्धत इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्टुडिओत माणूस बोलतो आहे, शेजारच्या खोलीत स्पीकरमधून तोच आवाज येतो आहे, आणि अभियंता या खोलीतून त्या खोलीत जाऊन दोन्ही आवाज ताडून पाहतो. म्हणजे कसोटी होती माणसाचा आवाज. बातम्या सांगणारा माणूस बातम्या सांगणाऱ्या माणसासारखाच वाटला पाहिजे.

दुसरे घराणे समुद्रकाठच्या वर्दिंग गावचे. जॉन बॉवर्स आणि रॉय विल्किन्स हे युद्धात सैन्याच्या संदेशवहन दलात भेटले आणि युद्धानंतर त्यांनी भागीदारीत रेडिओचे दुकान टाकले. बॉवर्स पाश्चात्त्य अभिजात संगीताचे वेडे. दुकानाच्या मागच्या बाजूला ते स्पीकर बनवून ओळखीच्या गिऱ्हाइकांना देत. त्यातल्या मिस नाइट नावाच्या एका वयस्कर बाईंना त्यांनी बनवलेल्या स्पीकरचा आवाज इतका भावला की त्यांनी मृत्युपत्रात बॉवर्स यांच्यासाठी दहा हजार पौंड ठेवले. त्या भांडवलावर १९६६ मध्ये बी अँड डब्ल्यू कंपनी उभी राहिली. संगीताच्या प्रेमापोटी मिळालेल्या पैशातून निघालेला कारखाना! आपल्याकडे याला आपण गुरुकृपाच म्हटले असते.

बॉवर्स यांची धारणा अशी की स्पीकरने पदरचे काही घालू नये आणि मुळातले शक्य तितके कमी गमवावे. त्यांच्या कानात मात्र मोठ्या सभागृहातला वाद्यवृंद होता. शंभर वादकांचा फुगारा, पितळी वाद्यांची झळाळी, मागचे विस्तीर्ण अवकाश.

एकच प्रश्न, दोन उलटी उत्तरे

१९७० च्या दशकात केईएफने लॉरी फिंचम यांच्या देखरेखीखाली स्पीकरच्या मोजमापासाठी आणि रचनेसाठी संगणक आणला. कोनाला एक क्षणिक ठोका द्यायचा, त्याचा प्रतिसाद नोंदवायचा आणि फूरियेच्या गणिताने प्रत्येक कंपनसंख्येवर तो कसा वागतो ते काढायचे. याचा एक व्यावहारिक उपयोग फार मोलाचा होता. डावा आणि उजवा स्पीकर एकमेकांशी अगदी जुळणारे निवडता येऊ लागले. याचे महत्त्व आपल्या गाण्याला किती आहे, ते पुढे सांगतो.

बी अँड डब्ल्यूने वेगळा मार्ग धरला. बंदुकीची गोळी अडवणाऱ्या जाकिटात वापरतात ते केव्हलर विणून त्यांनी १९७० च्या दशकातच त्याचे पिवळे कोन बनवले. गाताना कोनाचा पृष्ठभाग कुठे कुठे थरथरतो, हे पाहण्यासाठी त्यांनी लेसर वापरला. १९८० च्या दशकात स्टेनिंग या खेड्यात केवळ संशोधनासाठी त्यांनी वेगळे केंद्रच थाटले.

गंमत अशी की तेव्हा दोन्ही घराणी एकमेकांच्या अगदी जवळ होती. केईएफचा 'मॉडेल १०५' (१९७७) आणि बी अँड डब्ल्यूचा '८०१' (१९७९) हे दोन्ही जमिनीवर उभे राहणारे स्पीकर. दोन्हींत खाली वूफरची मोठी पेटी आणि वर मधल्या आणि वरच्या सुरांसाठी वेगळे डोके. कारण दोघांना पडलेला प्रश्न एकच होता : माणसाचा गळा एक, पण स्पीकरचे कोन तीन, मग तिन्हींतून आलेला आवाज एकाच ठिकाणाहून आल्यासारखा कसा वाटावा? '८०१' लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत गेला आणि अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रणात जगभर मानदंड ठरला.

त्यानंतर वाटा फुटल्या. १९८० च्या दशकात निओडिमियमची चुंबके आली. ती इतकी लहान आणि ताकदवान होती की अख्खा ट्वीटर मधल्या कोनाच्या पोटात मावला. १९८८ मध्ये केईएफने ही 'युनि-क्यू' रचना बाजारात आणली. मधले आणि वरचे सूर आता एकाच बिंदूतून निघू लागले. बी अँड डब्ल्यूने नेमके उलटे केले. ट्वीटरला पेटीचा वाराही लागू नये म्हणून त्याला पेटीबाहेर काढून डोक्यावर ठेवले आणि त्याच्या मागे निमुळती नळी जोडली, जेणेकरून मागची लाट तिथेच विरून जावी. १९९३ च्या 'नॉटिलस' या शंखाकृती स्पीकरने ही कल्पना टोकाला नेली.

एकाने ट्वीटर आत घेतला, दुसऱ्याने बाहेर काढला. दोघांच्या स्पीकरांमध्ये आजही जो फरक ऐकू येतो, त्यातला मोठा वाटा या एका निर्णयाचा आहे.

आजचे दोन वारस

दोन्ही घराण्यांचे सर्वात महागडे स्पीकर बाजूला ठेवू. पगारदार माणसाने हिंमत करून विचार करावा अशा पातळीवरचे दोन घेऊ : केईएफचा 'आर-७ मेटा' (२०२३) आणि बी अँड डब्ल्यूचा '७०२ एस-३' (२०२२).

आर-७ मेटामध्ये दोन वूफर आणि त्यांच्या मधोमध युनि-क्यू. म्हणजे ट्वीटर पेटीच्या माथ्यापासून बराच खाली. ट्वीटरच्या मागे भूलभुलैयासारखे खाचांचे एक चकतीवजा साधन आहे, ते मागची लाट शोषून घेते. ७०२ मध्ये तीन वूफर, त्यांच्यावर मधल्या सुरांचा कोन आणि सगळ्यांच्या डोक्यावर, पेटीबाहेर, धातूच्या कवचातला ट्वीटर. पिवळे केव्हलर आता गेले. २०१५ पासून आधी ८०० मालिकेत आणि मग इतरत्र 'कंटिन्यूअम' हे रुपेरी विणकाम आले.

कागदावर ७०२ ची संवेदनशीलता ९० डेसिबल आणि आर-७ ची ८८. हा दोन डेसिबलचा फरक किरकोळ वाटतो, पण तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी आर-७ ला सुमारे दीडपट वीज लागते. विद्युतरोधाच्या बाबतीत दोन्ही अवघड गिऱ्हाइके आहेत. दोघांनाही दमदार अँप्लिफायर हवा. मोजमापे पाहिली तर केईएफचा आलेख सपाट आणि बाजूंनाही एकसारखा पसरणारा, तर बी अँड डब्ल्यूचा वरच्या सुरांकडे किंचित उंचावलेला. ऐकताना याचा अर्थ असा की ७०२ झांजेची झळाळी, व्हायोलिनच्या गजाची कड पटकन पुढे आणतो. आर-७ तीच गोष्ट सांगतो, पण बोट दाखवून सांगत नाही.

नावे इंग्रजी असली तरी आता दोन्ही घराण्यांचे मालक आशियाई आहेत. केईएफ १९९२ मध्ये हाँगकाँगच्या गोल्ड पीक समूहाने घेतली. बी अँड डब्ल्यू अलीकडच्या काळात हातोहात फिरून २०२५ मध्ये कोरियाच्या सॅमसंगच्या मालकीच्या हरमन कंपनीकडे आली.

आपले गाणे या परीक्षेत होते का?

आम्ही संगणकवाले एक गोष्ट अनुभवाने शिकतो. कुठलीही प्रणाली तिची चाचणी ज्या माहितीवर झाली तिथे उत्तम चालते. नवी माहिती आली की तिचे खरे रूप दिसते. या दोन्ही स्पीकरांची चाचणी झाली ती इंग्रजी निवेदक, पियानो, वाद्यवृंद, जॅझ यांच्यावर. तंबोरा त्यात नव्हता. डग्गा नव्हता. बालगंधर्व नव्हते. म्हणून ती चाचणी आपल्यालाच घ्यायला हवी, आणि ती घेण्याइतका आपला स्वतःचा ध्वनिमुद्रणाचा इतिहास भक्कम आहे.

भारतात ग्रामोफोन कंपनीचे पहिले मुद्रण १९०२ चे, कोलकात्याचे. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि तीनेक मिनिटांत राग आटपायचा. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात विजेवरचे ध्वनिमुद्रण आपल्याकडे पोचले आणि गळ्यातल्या बारीक जागा तबकडीवर उतरू लागल्या. मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ साहेबांची विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली आणि १९३० च्या दशकातली, अशी दोन्ही काळची मुद्रणे आहेत. ती लागोपाठ ऐकली की तंत्र बदलल्याने काय हाती लागले ते क्षणात कळते. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी तर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून सूर्यमालेबाहेर निघाली. हे सगळे मुद्रण मोनो. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेले गीतरामायण घराघरांतून ऐकले गेले तेही व्हॉल्वच्या रेडिओतल्या एका कागदी कोनातून.

मग आपल्या गाण्याला स्पीकरकडून नेमके काय हवे? चार गोष्टी पाहू.

पहिली, मोनो आवाजाची जागा. जुनी तबकडी दोन स्पीकरवर वाजवली की गायक दोन्हींच्या बरोबर मधोमध, एका माणसाएवढ्या जागेत बसलेला वाटला पाहिजे. डावा-उजवा किंचित जरी वेगळा असला तरी भीमसेनजी भिंतभर पसरतात. केईएफने संगणकावर जोड्या जुळवायला सुरुवात केली त्याचे मोल इथे आहे. आज मात्र दोन्ही कंपन्या यात पक्क्या आहेत. इथे चूक सहसा स्पीकरची नसते, एक स्पीकर भिंतीजवळ आणि दुसरा बाल्कनीच्या काचेजवळ ठेवल्याची असते.

दुसरी, तान. पुरुष गायकाची काळी एक म्हणजे मध्य सप्तकाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झ. मंद्र पंचमापासून तार सप्तकापर्यंत सपाट तान गेली की तो एकच आवाज वूफरकडून मधल्या कोनाकडे आणि त्याचे वरचे अंश ट्वीटरकडे सोपवले जातात. वाद्यवृंदात ही अदलाबदल झाकली जाते. एकट्या गळ्याच्या गाण्यात ती उघडी पडते. तान वर जाताना गायकही उठून उभा राहिल्यासारखा वाटला तर समजावे की सांधा दिसतो आहे. एकाच बिंदूतून गाणारा आर-७ या परीक्षेत सरस ठरतो. ७०२ वर हा सांधा जुळायला निदान तीन मीटर अंतर हवे.

तिसरी गोष्ट बैठकीची. आपण गाणे सतरंजीवर बसून ऐकतो. निदान घरगुती मैफलीत तरी. जमिनीवर मांडी घातलेल्या माणसाचे कान पाऊण मीटरच्या आसपास असतात. ७०२ चा ट्वीटर एक मीटरच्या वर आहे, सोफ्यावर बसलेल्या माणसासाठी. खाली बसलेल्याला मधले आणि वरचे सूर थोड्या वेगवेगळ्या अंतरांवरून येतात आणि त्यांचा मेळ बिघडतो. आर-७ चा ट्वीटर मुळातच खाली आणि मधल्या कोनाच्या केंद्रात, त्यामुळे वर-खाली बसल्याने फारसे बिघडत नाही. ज्या देशात हे स्पीकर घडले तिथे जमिनीवर बसून गाणे ऐकणारा माणूस कुणाच्या डोळ्यांसमोर असण्याचे कारण नव्हते.

चौथी, तंबोऱ्याची जव्हारी. जव्हारी म्हणजे सगळा वरच्या स्वरांशांचा खेळ. इथे ७०२ ची किंचित उंचावलेली धार उपयोगी पडते. नव्या, स्वच्छ मुद्रणात तंबोरा खोलीभर झगमगतो. पण ७८ च्या तबकडीवरून उतरवलेले गाणे लावा, तीच धार खरखरीलाही पुढे आणते. त्या तबकड्यांवर फार वरचे सूर मुळात नाहीतच. तिथे उरते ती सुईची घासघासच. घरात नवी मुद्रणे आणि चित्रपट जास्त ऐकले जात असतील तर पारडे ७०२ कडे, जुना खजिना जास्त असेल तर आर-७ कडे, असे मी म्हणेन.

आता कुणी विचारेल, मग गाण्यासाठी टॉवर स्पीकर हवाच कशाला? प्रश्न रास्त आहे. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झ. चांगला स्टँडवरचा स्पीकरही तिथपर्यंत पोचतो. टॉवरचा फायदा खोलीचा नसून सहजतेचा आहे. कोनांचे एकूण क्षेत्रफळ जास्त असले की प्रत्येकाला कमी हलावे लागते. डग्ग्याची मींड, समेवरचा ठोका, ढोल-ताशाचा कडकडाट हे सगळे न चिरकता येते.

दुकानात जाताना

सिंगापुरातले फ्लॅट काँक्रीटचे, जमीन फरशीची, बाल्कनीला काच. आवाज सगळीकडून आपटून परत येतो. त्यामुळे स्पीकरसमोरच्या जमिनीवर जाड सतरंजी घालणे हा सर्वात स्वस्त आणि परिणामकारक सुधार आहे. छताची उंची २.६ मीटर धरली तर तेवढ्या अंतरात ६६-६७ हर्ट्झची लाट घुमू शकते, म्हणजे आपल्या काळी एकच्या खर्जाच्या अगदी शेजारी. डग्गा घुमतो म्हणून स्पीकरला दोष देण्याआधी बसायची जागा हातभर पुढेमागे करून पाहावी. पेटीच्या भोकात घालायचे स्पंजचे बूच दोन्ही कंपन्या देतात. भिंतीजवळ ठेवायची वेळ आली तर ते जरूर वापरावे. खालच्या मजल्यावरचे शेजारीही दुवा देतील.

जुना स्पीकर घेणाऱ्यांसाठी एक सूचना. १९८०-९० च्या दशकातल्या पुष्कळ वूफरच्या कडा फोमच्या असत. इथल्या दमट हवेत तो फोम चुरा होऊन गळतो. रबरी कडा टिकतात. कोनाच्या कडेवर बोट हलकेच टेकवून पाहावे.

आणि तुलना करताना दोघांचा आवाज सारखा करायला सांगावे. कान मोठ्या आवाजाला चांगला समजतो. ७०२ दोन डेसिबलने पुढे असल्यामुळे बटण तिथेच ठेवून स्पीकर बदलला तर तो उगाचच जिंकतो. दुकानदार बहुधा गिटारबरोबर हळुवार गाणारी एखादी गायिका लावतो. तिच्यावर कुठलाही स्पीकर गोड लागतो. तिला नमस्कार करून आपली मुद्रणे लावायला सांगावीत : एक ७८ च्या काळातले नाट्यपद, एक मोनो ख्याल, एक नवे स्टिरिओ भावगीत. संकोच बाळगू नये. हजारो डॉलर आपण मोजणार असतो.

माझ्यापुरते विचाराल तर आपल्या दिवाणखान्याचा आकार, सतरंजीवरची बैठक आणि जुनी मोनो मुद्रणे या तिन्हींचा विचार करता माझे मत आर-७ ला. मोठी खोली, सोफा आणि पाश्चात्त्य संगीताची आवड असलेल्या घराने ७०२ घेतला तर त्यांनाही पश्चात्ताप होणार नाही.

शेवटी एक आठवण इतिहासातली. भीमसेन जोशी लहान असताना गदगमध्ये एका दुकानात अब्दुल करीम खाँ साहेबांची ठुमरी ग्रामोफोनवर वाजत होती. ती कानी पडली आणि असे गाणे आपल्यालाही आले पाहिजे या ध्यासाने १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, तो मुलगा गुरूच्या शोधात घराबाहेर पडला. त्या यंत्रातून ना खर्ज धड येत होता, ना वरचे स्वरांश. पण ते दुकानात, सर्वांना ऐकू येईल असे वाजत होते. आपली मुले आज कानात बोंडे घालून आपापले गाणे ऐकतात. एकाचे दुसऱ्याला कळत नाही. दिवाणखान्यात उभा असलेला स्पीकर ही आता घरातली अशी एकच वस्तू उरली आहे, जिच्यातून आजोबांचे गाणे नातवाच्या कानावर, त्याने न मागताही, पडू शकते. आर-७ घ्या नाहीतर ७०२, पण त्याच्यावर रुमाल घालू नका आणि बटणांना मुलांनाही हात लावू द्या.